शेवटचा फर्मा ह्यांचा

२ जानेवारी, सकाळी

संकल्प काल करायचा होता. पण वर्षाच्या पहिल्याच दिवशी घाई नको असं वाटलं. आज करते.

या वर्षी आठवड्याला एक पुस्तक. एकाच प्रकारात अडकून पडायचं नाही. खून, इतिहास, विज्ञान, प्रवास, कविता, सगळीकडे फिरायचं. टेबलावर तीन ढीग लावले. वाचून झालेली, चालू असलेली, पुढे वाचायची. चालूचा ढीग सगळ्यात उंच झाला. वाचून झालेल्यांच्या जागी सध्या काही नाही, म्हणून तिथे साखरेची बरणी ठेवली. रिकामी जागा बरी दिसत नाही.

लेकीचा फोन. म्हणाली, आई, जरा माणसांत जात जा. मी म्हटलं, मी पुस्तकांतल्या माणसांत असते. ती म्हणाली, ती माणसं तुझं दार वाजवणार आहेत का? लायब्ररीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचकांची बैठक असते, तिथे जा म्हणाली. जाईन. त्यांनाही एखादा शेवटपर्यंत वाचणारा माणूस भेटेल.

५ जानेवारी, रविवार

गेले. बैठक मागच्या खोलीत भरते. खुर्च्या सगळ्या बाद झालेल्या, नीट टेकायची सोय नाही. नियम असा की प्रत्येकाने तीन पुस्तकं सांगायची: नुकतंच वाचलेलं, सध्या चालू असलेलं, पुढचं. म्हणजे माझे तीन ढीग. मला वाटलं, आपलंच राज्य आहे.

ग्रंथपालबाई माझ्या लेकीहून लहान. सगळ्यांचं ऐकून घेते, चेहऱ्यावर कंटाळा दिसू देत नाही. मोठे सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. अजून हजेरी घेतल्यासारखे बघतात. आणि चौकातले घड्याळजी. ते वाचत नाहीत, ऐकायला येतात. बायको आजारी असते, तिला घरी जाऊन सांगायला काहीतरी लागतं म्हणाले.

माझी पाळी आली. म्हटलं, हिरव्या कापडाचं, खुनाचं. सरांनी नाव विचारलं. म्हटलं, आमच्याकडे पुस्तक नावाने कधी ओळखलं नाही, रंगाने ओळखायचो. मग सगळं सांगावं लागलं. आमचं बाइंडिंगचं काम होतं, या लायब्ररीतली निम्मी पुस्तकं ह्यांनी बांधली. फर्मा म्हणजे काय तेही सांगावं लागलं, मोठ्या सरांना! छापलेला मोठा कागद दुमडला की सोळा पानं होतात, तो एक फर्मा. फर्म्यावर फर्मा ठेवून शिवले की पुस्तक. घड्या घालायचं आणि शिवायचं काम माझं. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं फर्म्यांवर वाचून शिकले.

सर म्हणाले, ते असू दे, खून कोणी केला ते सांगा.

शेवटचं प्रकरण माझं राहिलं होतं. पण खुनाच्या पुस्तकात शेवटी नुसतं समजावून सांगतात. मला समजावून सांगावं लागत नाही. म्हटलं, खून झालाच नव्हता. तो माणूस बहिणीकडे गेला होता, घरी सांगायचं राहिलं. संध्याकाळी परत येतो. सर म्हणाले, मग तळघरातलं प्रेत कोणाचं? म्हटलं, असेल दुसऱ्या कोणाचं.

घड्याळजींनी तेवढी टाळी वाजवली.

पहिल्या दिवसाच्या मानाने छाप चांगली पडली.

१२ जानेवारी

राजाचं चरित्र, लाल कापड. शेवटचं प्रकरण सोडून सगळं झालं. राजे शेवटी मरतात, त्यात वाचायचं काय? पूर्ण धरलं. पण झालेल्यांच्या ढिगात ठेवायला गेले तर बरणी हलवावी लागत होती. चालूच्याच ढिगावर परत ठेवलं.

१९ जानेवारी, दुपारी

मुंग्यांवरचं शास्त्राचं पुस्तक. फार सुंदर. मुंग्यासुद्धा कामाची वाटणी करतात. शेवटची पानं आली आणि चष्म्याचा त्रास सुरू झाला. नंबर बदलला असणार. आधीच्या पानांना त्रास होत नाही, शेवटच्याच पानांना होतो. चष्म्याच्या दुकानदाराला विचारायला हवं, असं का होतं.

कवितांचं पुस्तक घेतलं. कवितांना शेवट नसतो, तेव्हा ते नक्की पुरं होईल.

२३ जानेवारी

कवितांतल्या शेवटच्या चार ठेवल्या. कोणी आलं तर वाचून दाखवायला.

कोणी आलं नाही.

२६ जानेवारी

कोणाला वाटेल मी शेवट टाळते. तसं नाही. आमच्यात कामाची वाटणी होती, एवढंच.

जुनी पुस्तकं दुरुस्तीला यायची. ती उसवली की फर्मे सुटे व्हायचे. मी एकेक वाचायची आणि शिवायला घ्यायची. शेवटचा फर्मा ह्यांचा. मी सुईत दोरा ओवेपर्यंत हे स्टुलावर बसून तो मोठ्याने वाचून दाखवायचे. वाचून झाला की माझ्या हातात द्यायचे आणि मी शिवायची. एकदा ऐकलेलं पुन्हा कशाला वाचायचं? खळ सुकायच्या आत हात उरकावा लागायचा.

काही बायकांना गॅसचा सिलिंडर लावता येत नाही. मला येतो. मला शेवटाची सवय नाही. प्रत्येकीचं काहीतरी असतं.

हे जाऊन दोन वर्षं होत आली. सुई अजून पाकिटात आहे. गंजली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

बैठक. राजाचं चरित्र सांगितलं. शेवटी राजा मुलाला गादी देतो आणि नदीवर गळ टाकून बसतो, असं सांगितलं. मोठे सर उभेच राहिले. बाई, तो राजा लढाईत मेला म्हणाले, मी जन्मभर पोरांना तेच शिकवत आलो, परीक्षेत त्याला मार्क होते! म्हटलं, परीक्षेचं पुस्तक वेगळं, हे वेगळं. सर म्हणाले, राजा तर तोच ना? म्हटलं, तुमच्या वेळी मेला असेल.

ग्रंथपालबाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

उठताना घड्याळजी जिन्यापाशी थांबले. बायकोला हॉस्पिटलात ठेवलंय म्हणाले. हृदयाचं ऑपरेशन आहे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. तोवर अंगात ताकद यायला हवी, मन प्रसन्न हवं, असं डॉक्टर म्हणतात. आता ती म्हणते, मला काहीतरी वाचून दाखवा, लग्न झाल्यापासून तुमच्या दुकानाची टिकटिकच ऐकली. घड्याळजी म्हणाले, बाई, मला वाचनातलं कळत नाही. पण ज्याचा शेवट चांगला आहे असं द्या. मधे काहीही होऊ दे, शेवटी तिने हाय खाल्ली असं नको व्हायला. तुम्ही म्हणाल ते नेतो.

मी विचारसुद्धा केला नाही. निळ्या कापडाचं, समुद्रावरचं. नावाडी वादळात सापडतो. गाव म्हणतं गेला. बायको रोज धक्क्यावर जाऊन उभी राहते. शेवटी एका पहाटे तो फुटकी होडी ओढत येतो आणि आधी काय विचारतो, तर चहा आहे का. घड्याळजी हसले. नक्की येतो ना, म्हणाले. मी म्हटलं, लिहून देऊ?

यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. हे पुस्तक आमच्या हातून गेलंय. ह्यांनी स्वतः वाचून दाखवलेला शेवट आहे.

११ फेब्रुवारी

गजराचं घड्याळ घेऊन चौकात गेले. घड्याळ चालू होतं, पण मागे पडेल असं वाटत होतं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून निळं पुस्तक वाचत बसले होते. संध्याकाळी तिला वाचून दाखवायची पानं आधी दुकानात घोटून घेतात. तरी जोडाक्षराला गाडी थांबते म्हणाले. बायको म्हणते, तुमचं वाचन जुन्या घड्याळासारखं आहे, थांबलं की एक टिचकी मारावी लागते. पण तिला गोडी लागली आहे. जेवण घेऊन येणाऱ्या बाईलाही थांबवून ठेवते. रोज विचारते, येतो ना हो तो? मी सांगतो, बाई म्हणाल्यात येतो, म्हणजे येतो.

माझं घड्याळ बघून म्हणाले, याला काही झालेलं नाही. म्हटलं, खात्री केलेली बरी.

आजपासून माझंही वाचन नेटाने. प्रवासवर्णन सुरू केलं. वाळवंट.

१८ फेब्रुवारी

वाळवंट शेवटच्या विहिरीपर्यंत आलं. पुढे घरीच जायचंय त्यांना, रस्ता माहीत आहे. थांबले.

२४ फेब्रुवारी

लायब्ररीत गेले होते. ग्रंथपालबाई म्हणाली, तुमचं निळं पुस्तक घड्याळजींकडे गेलंय ना, मी कॉलेजात असताना वाचलं होतं, शेवटी इतकी रडले की आई जेवायला हाक मारत होती तर जाता येईना. म्हटलं, आनंदाने? ती म्हणाली, आनंदाने कसं? तो येतच नाही ना. नुसती होडी येते.

मी म्हटलं, येतो. ती म्हणाली, नाही हो मावशी. मी म्हटलं, चहासुद्धा मागतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शिक्के मारायला लागली.

आजकालची मुलं. वाचताना एक डोळा फोनवर. दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकाशी घोळ केला असेल.

२ मार्च, रविवार

बैठकीत सहज म्हणून विषय काढला. मोठे सर म्हणाले, नावाडी बुडतो. स्पष्टच आहे. रिकामी होडी धक्क्याला लागते आणि बायको ती बांधून ठेवते, शेवटचं वाक्यच तसं आहे. म्हटलं, सर, तुमचं वय झालं. ते म्हणाले, माझं झालं, पण त्या नावाड्याचं व्हायच्या आतच तो गेला.

घड्याळजी आज नव्हते. ऑपरेशन शुक्रवारी आहे. गुरुवारी संध्याकाळी पुस्तक संपवणार, म्हणजे ती निवांत मनाने आत जाईल, असा त्यांचा बेत आहे.

लायब्ररीत त्याच पुस्तकाची दुसरी प्रत होती. दोन्ही आम्हीच बांधलेल्या. आणली घरी. उद्या सकाळी शेवट बघते आणि दोघांनाही दाखवते.

३ मार्च

सकाळी पडदे धुवायला काढले. फार मळले होते.

४ मार्च

चष्म्याच्या दुकानात गेले. नंबर तोच आहे म्हणाला. शेवटच्या पानांचं त्याला विचारलं. तो म्हणाला, काकू, काचेला पान कळत नाही.

पडदे वाळले, पण लावताना हात दुखले. डोकंही जड आहे. अशा वेळी वाचून चुकीचा अर्थ लागायचा. ह्यांनी वाचलेलं खोटं कसं असेल? माणूस मापात तसूभर चुकत नव्हता. पुस्तक हातात घेतलं की पुठ्ठ्याची कड आधी अंगठ्याने बघायचा.

५ मार्च, दुपारी

उघडलं.

शिवण माझ्या हातची आहे. मी शेवटच्या टाक्याला दोरा दुहेरी फिरवते, तसाच आहे. म्हणजे आवृत्ती वेगळी वगैरे काही नाही. हाच फर्मा. हे स्टुलावर बसून हाच हातात धरून वाचत होते. मग माझ्या हातात दिला आणि मी तो शिवला. वाचण्याइतका जवळ होता. वाचला नाही.

नावाडी येत नाही. होडी येते. बायको ती बांधते.

चहाचं कुठेही नाही.

६ मार्च, सकाळी

लायब्ररी उघडायच्या आधी दारात जाऊन उभी. आम्ही बांधलेली पुस्तकं एकेक काढून नुसते शेवट बघितले. ग्रंथपालबाईंनी काही विचारलं नाही, स्टूल आणून दिलं.

कोर्टाची कादंबरी, करडं कापड. आरोपी सुटतो आणि किराणा दुकान काढतो असं ऐकलं होतं. फाशी जातो. कुत्र्याचं पुस्तक. कुत्रा मरतो. किल्ल्यावरचा सरदार मरतो. दोन बहिणींतली धाकटी मरते, थोरली वेडी होते. त्या दोघी शेवटी एकाच गल्लीत घर घेतात असं मी इतकी वर्षं धरून होते. गल्लीसुद्धा नाही त्या पुस्तकात. आता आठवतं, ह्यांच्या शेवटांत जो तो परत येऊन चहा मागायचा. सरदारसुद्धा! तेव्हा चहा होता का, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

एका सकाळीत केवढी माणसं गेली.

दोन पुस्तकांचे शेवट खरेच चांगले निघाले. त्यातल्या एकाचा ह्यांनी बदलला नव्हता. दुसऱ्याचा तोही बदलला होता, हात शिवशिवले असणार.

६ मार्च, दुपारी

लेकीला फोन केला. म्हटलं, तुझे बाबा शेवट खोटे वाचायचे. ती म्हणाली, आई, तुला माहीत नव्हतं? मी म्हटलं, तुला होतं? ती म्हणाली, कुत्र्याचं पुस्तक शाळेत वाचलं तेव्हा कळलं. घरी येऊन बाबांशी भांडले. त्यांनी मला गोळ्या घेऊन दिल्या आणि म्हणाले, तुझी आई पहिले पंधरा फर्मे एवढे जीव लावून शिवते, तिच्या हातात मेलेलं माणूस कसं देऊ? मला वाटत होतं, आई, तुला माहीत असून तू नसल्यासारखं दाखवतेस.

मी म्हटलं, हो, तसंच होतं.

आता घड्याळजींना गाठायला हवं. ते आज संध्याकाळी शेवट वाचणार. माझ्या शब्दावर बिनधास्त वाचत सुटतील आणि उद्या त्या बाईचं ऑपरेशन.

६ मार्च, संध्याकाळी

दुकान बंद होतं. तशीच हॉस्पिटलात गेले. जिने चढून वर पोचले तर घड्याळजी नेमके औषधं आणायला खाली गेलेले. बायको उशाला टेकून बसली होती. अंगाने काडी, पण डोळे भिंग लावल्यासारखे. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, अगंबाई, येतो म्हणणाऱ्या बाई त्या तुम्हीच!

उशीखाली निळं पुस्तक होतं.

मी उभ्याउभ्याच बोलायला लागले. आज शेवट वाचू नका, त्यांना सांगा डोकं दुखतंय, चूक माझी आहे. तिने मला हाताने थांबवलं. आमचं कालच संपलं म्हणाली. यांना धीर कुठला? नावाडी आला. बायकोला उचलून घेतलं म्हणे त्याने. धक्क्यावर! सगळ्यांच्या देखत!

मी खुर्चीवर बसले.

ती म्हणाली, महिनाभर हा माणूस प्रत्येक जोडाक्षराला अडला. काल शेवटची पानं नदीसारखी वाचली. कुठे थांबणं नाही, मागे येणं नाही. तेव्हाच मला कळलं की हे पुस्तकात नाही. यांना खुर्चीत डुलकी लागली तशी मी बघून घेतलं. येत नाही तो.

म्हटलं, मग त्यांना काही बोललात? ती म्हणाली, छे. कालपासून स्वतःवर इतके खूश आहेत. मला उद्या आत जायचंय, त्यांना बाहेर बसायचंय. बाहेर बसणाऱ्याला जास्त लागतं. राहू दे त्यांच्याकडे तो नावाडी.

मग तिने विचारलं, तुमचे यजमान वाचून दाखवायचे ना? अडायचे का? म्हटलं, नाही. त्यांचं वाचन फार स्वच्छ होतं. शेवटाला तर फारच.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. सुई लावलेला हात होता, जपून ठेवला.

घड्याळजी आले. बाई, मस्त झाला शेवट म्हणाले, आणि माझ्याकडे चोरासारखं बघितलं. मी म्हटलं, मी म्हटलं नव्हतं?

७ मार्च

आज ऑपरेशन. वाचायचा प्रयत्न केला नाही.

शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात हे म्हणाले होते, डॉक्टरांशी बोललोय, सोमवारी सोडतील. मी घरी येऊन चादर बदलली होती. दूध जास्त घ्यायला सांगितलं होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, त्यांना आम्ही सगळं स्पष्ट सांगितलं होतं.

तोही फर्मा ह्यांनीच वाचला.

८ मार्च

घड्याळजींचा निरोप. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली. पहिल्यांदा काय बोलली तर दुकान कोण बघतंय. पुढे काय ते डॉक्टर अजून सांगत नाहीत, बघू म्हणतात.

बरणी हलवून टेबल पुसलं. परत ठेवली.

२१ मार्च

ती घरी आली आहे. घड्याळजी दारात. म्हणाले, नवं पुस्तक हवं, चांगल्या शेवटाचं. मी म्हटलं, थांबा थोडे दिवस. आता आधी मी स्वतः शेवटपर्यंत वाचणार, मगच देणार. यापुढे खरं तेच सांगायचं. या वेळचा संकल्प मोडणार नाही.

ते म्हणाले, एवढं कशाला बाई, नुसतं सांगा ना.

३० मार्च, दुपारी

बर्फातल्या मोहिमेचं पुस्तक. पांढरं कापड. जहाज बर्फात अडकतं, माणसं उतरून चालायला लागतात. चालतात आणि चालतात. सकाळपासून शेवटच्या फर्म्याशी बसले होते. मधे उठून गॅस पुसला, लेकीला फोन केला, ती म्हणाली आत्ताच केला होतास. परत बसले. ओळीखाली बोट धरून वाचलं, चौथीत वाचायची तसं. कोणी समोर नव्हतं, तरी मोठ्याने वाचलं. माझा आवाज तितका बरा नाही. अडते मी.

वाचून झालं. सगळे परत येतात. खरंच येतात. छापलेलं आहे.

बैठकीत सांगायचं. तोवर कोणाला बोलायचं नाही.

६ एप्रिल, रविवार

सांगितलं. नुकतंच वाचलेलं, पांढरं कापड, मोहिमेचं, आणि शेवटी सगळे सुखरूप घरी येतात.

मोठे सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, हो हो, येणारच. मी म्हटलं, सर, या वेळी खरंच येतात. ते म्हणाले, कोण नाही म्हणतंय? पुढचं पुस्तक कोणतं, तेवढं सांगा. ग्रंथपालबाई माझ्याकडे बघून लेकीसारखी हसली. म्हटलं, पुस्तक पिशवीत आहे, शेवटचं पान काढून दाखवते. ती म्हणाली, मावशी, नका हो त्रास घेऊ, आम्हाला तुमचेच शेवट आवडतात. मी जरा आवाज चढवला. त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

उठताना घड्याळजींनी बाजूला घेतलं. तिला वाचून दाखवायचंय, आता तब्येत नाजूक आहे, मला तरी खरं सांगून ठेवा म्हणाले, किती जातात? म्हटलं, एकही नाही. ते म्हणाले, बाई, मी तयारी ठेवतो हो, माझं मी बघून घेईन. म्हटलं, तयारी नको, आहे तसंच वाचा. अडत अडत वाचा. त्यांनी मान हलवली आणि पुस्तक काखेत मारून गेले. विश्वास बसला नव्हता.

दमले. लायब्ररीतून दुसरी प्रत घेऊन घरी आले आणि चप्पल पायात असतानाच शेवटचं पान काढलं.

येतात. एकाची दोन बोटं गारठून गेलेली असतात, पण येतो.